मणका सरकलाय खरा, पण ऑपरेशन नेमकं कशासाठी करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आईचं वय ६३. कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून पुढे सरकलाय, रिपोर्टमध्ये ‘ग्रेड वन’ लिहिलंय. दहा मिनिटं चाललं की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, खाली बसलं की दोन मिनिटांत मोकळं वाटतं. एका सर्जनने स्क्रू टाकून दोन मणके एकमेकांना जोडायला सांगितलं. दुसऱ्याने ‘नुसती नस मोकळी करू, स्क्रू नको’ म्हटलं. फॅमिली डॉक्टर म्हणतात, वय झालं की असं व्हायचंच, व्यायाम करा. मणका परत जागेवर बसवता येतो का आणि तिघांतलं खरं कोण, हे तुम्हाला हवंय. शिवाय मे महिन्यात भाच्याचं लग्न आहे, ऑपरेशन त्याआधी उरकावं की नंतर, असंही विचारलंत. लग्नाचं शेवटी बोलू.

तुमच्या प्रश्नात मणका सात वेळा आलाय आणि पाय एकदाच. आईची तक्रार मात्र सगळी पायांची आहे. गेली बावीस-तेवीस वर्षं मी मणक्याची ऑपरेशनं करतोय आणि हा घोळ रोज बघतो. घरच्यांच्या डोळ्यासमोर एक्स-रे असतो, पेशंटच्या डोळ्यासमोर भाजी मंडईपर्यंतचा रस्ता. निर्णय त्या रस्त्यावर घ्यायचा असतो. मणका पंधरा-वीस टक्के सरकलेली आणि मजेत शेतावर जाणारी माणसं माझ्या ओपीडीत येतात, तीही गुडघा दाखवायला आलेली असतात आणि एक्स-रेत मणका सापडतो. अशांना मी हात लावत नाही.

आधी आत काय झालंय ते समजून घ्या. प्रत्येक मणक्याला पुढे हाडाचा ठोकळा आणि मागे हाडाचीच कमान असते. दोन्ही मिळून एक बांगडी होते. अशा बांगड्या एकावर एक रचल्या की मधून जी नळी तयार होते, तिच्यातून नसा खाली पायाकडे जातात. आईच्या बाबतीत मधली गादी झिजली, मागचे दोन छोटे सांधे झिजले, आणि वरची अख्खी बांगडी खालच्या बांगडीवरून काही मिलिमीटर पुढे आली. हातातल्या दोन बांगड्या एकमेकींवर धरून वरची जरा पुढे ढकलून बघा, मधलं भोक लगेच लहान होतं. त्यात मागचा पिवळा पडदा, म्हणजे लिगामेंटम फ्लेव्हम, वयानुसार जाड होऊन आत येतो. नस तिथे चिमटते. हा झिजेचा प्रकार. साधारण पन्नाशीनंतर होतो, पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त आढळतो, आणि बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या मणक्यातच. पाचवा मणका कंबरेच्या हाडांमध्ये खोल बसलेला आणि दोन्ही बाजूंनी जाड बंधांनी जखडलेला असतो, म्हणून त्याच्या वरचा निसटतो.

दुसरा प्रकार तरुणपणी सुरू होतो. त्यात बांगडीच मागून चिरलेली असते. शाळेच्या वयात, वाढत्या अंगात, कमरेला वारंवार मागे वाकवणाऱ्या खेळात तिथे बारीक तडा जातो. जिम्नॅस्ट आणि वेगवान गोलंदाज यांचं हे ठरलेलं दुखणं. मग पुढचा ठोकळा सरकतो आणि कमान मागेच राहते, त्यामुळे मधली नळी उलट रुंदच होते, पण बाजूच्या खिडकीतून बाहेर पडणारी नस दबते. हे मुख्यतः पाचव्या मणक्याचं आणि त्याखालच्या तिकोनी हाडाशी, म्हणजे सेक्रमशी, असलेल्या जोडाचं दुखणं. शंभरातल्या पाच-सहा मोठ्या माणसांत ही चीर असते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ती आयुष्यभर कळतही नाही. हे इतकं सविस्तर सांगतोय, कारण या दोन आजारांची ऑपरेशनं वेगळी आहेत. शेजारच्या काकांना स्क्रू टाकले आणि ते ठणठणीत झाले, तर त्यांचा प्रकार कोणता होता हे आधी विचारा.

‘ग्रेड’ म्हणजे फक्त किती सरकला त्याचं माप. १९३२ साली मेयरडिंग नावाच्या अमेरिकन सर्जनने केलेली विभागणी आजही चालते. खालच्या मणक्याच्या रुंदीचे चार भाग पाडायचे, पहिल्या पावात असेल तर ग्रेड वन, अर्ध्यापर्यंत टू, आणि असं पुढे. झिजेचा मणका सहसा पंचवीस-तीस टक्क्यांपुढे जात नाही, सांधे अडवतात. तेव्हा ‘आज ग्रेड वन आहे, उद्या पूर्ण निसटून आई लुळी होईल’ ही भीती कुणी घातली असेल तर ती डोक्यातून काढून टाका. असं होत नाही.

आता पायांकडे. माझ्याकडे अशी बाई आली की मी आधी एमआरआयची पिशवी बाजूला ठेवायला सांगतो आणि विचारतो, घरून निघाल्यावर पहिल्यांदा कुठे टेकता? उत्तर अगदी नेमकं येतं: ‘राममंदिराच्या पायरीवर’, ‘किराणा दुकानाच्या ओट्यावर’. सहा महिन्यांपूर्वी कुठे टेकत होतात? तिथून मला आजाराचा वेग कळतो. मग, नुसतं उभं राहून बरं वाटतं की बसावंच लागतं? नस दबलेल्या माणसाला बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, कारण पुढे वाकलं की ती नळी थोडी उघडते. म्हणून मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून ही माणसं तासभर फिरतात, सायकल चालवतात, चढावर फारशी कुरकुर करत नाहीत आणि उतारावर थांबतात. पायातला रक्तपुरवठा कमी असेल तर उलट, जागच्या जागी नुसतं उभं राहिलं तरी पोटरी शांत होते. म्हणून पावलावरची नाडी मी प्रत्येक वेळी बोटाने बघतो. रात्री झोपल्यावर तळपायांची आग होत असेल आणि साखर बरीच वर्षं वाढलेली असेल, तर ते बहुधा मधुमेहाचं काम, ते कमरेच्या ऑपरेशनने जाणार नाही. एक साधी गोष्ट मी हमखास विचारतो: चालता चालता चप्पल पायातून निसटते आणि नंतर लक्षात येतं, असं झालंय का? हो म्हणाल्या, तर पायाची ताकद आणि संवेदना मी दुप्पट काळजीने तपासतो.

तुमच्या आईची गोष्ट तुम्ही लिहिलीत तशीच असेल, तर ती नस चिमटल्याचीच आहे. तरी तुम्ही पाठवलेल्या माहितीत एक मोठी गोष्ट नाही, ती म्हणजे उभ्याने काढलेला एक्स-रे. एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर अंगाचं वजन मणक्यावर नसतं आणि सरकलेला मणका कधी कधी बऱ्यापैकी मागे जातो, रिपोर्ट त्यामुळे सौम्य दिसतो. उभं राहून एक, पुढे वाकून एक आणि मागे वाकून एक, असे बाजूचे तीन एक्स-रे काढून घ्या. वाकताना मणका तीन-चार मिलिमीटरपेक्षा जास्त पुढेमागे होत असेल तर तो डुगडुगतोय. एमआरआयवर मागच्या सांध्यांत पाणी पांढरंशुभ्र चमकत असेल तर तीही त्याचीच खूण. हे एक्स-रे काही शे रुपयांत होतात आणि हजारोंचा निर्णय त्यांच्यावर फिरतो, तरी दर दोन-तीन पेशंटमागे एकाकडे ते नसतात. का नसतात, मला कळलेलं नाही.

फॅमिली डॉक्टरांचं म्हणणंही उडवून लावू नका. पायाची ताकद शाबूत असेल तर थांबून बघण्यात फारसा धोका नसतो, बऱ्याच जणांचं वर्षानुवर्षं तसंच चालू राहतं. मी साधारण तीन महिने देतो. पुढे वाकून करायचे आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, स्थिर सायकल, वजन असेल तर ते थोडं कमी. मणक्याजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन एखाद्या वेळी देतो. त्याने काही आठवडे, नशिबाने काही महिने बरे जातात, नळी रुंद होत नाही. पट्टा लांबच्या प्रवासापुरता ठीक, दिवसभर बांधून ठेवला तर कमरेचे स्नायू आळशी होतात. आणि ‘मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्यांकडे, पाठीवर पाय देणाऱ्यांकडे आईला नेऊ नका. या वयात हाडं ठिसूळ असतात.

इतकं करून चालणं आक्रसतच चाललं, मंदिराची पायरी सोडून आता फाटकातच टेकावं लागतंय, बाई लग्नकार्य, देवदर्शन, बाजार सगळं सोडून घरात बसली, की मी ऑपरेशनचं बोलतो. अशा निवडक पेशंटमध्ये त्याचा गुण येतो, याला चांगला आधार आहे. अमेरिकेत १३ केंद्रांमध्ये याच आजाराच्या सुमारे ६०० पेशंटांचा अभ्यास झाला, निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक मजा झाली. त्यातल्या निम्म्या पेशंटांचे चिठ्ठी टाकून गट पाडले, पण ऑपरेशनच्या गटातल्या अनेकांनी ऑपरेशन केलंच नाही आणि दुसऱ्या गटातल्या अनेकांनी जाऊन करून घेतलं, जवळजवळ चाळीस टक्क्यांनी बाजू बदलली. शेवटी प्रत्यक्षात कुणी काय केलं ते धरून हिशोब केला, तेव्हा ऑपरेशन झालेल्यांचं दुखणं आणि हालचाल दोन्ही स्पष्टपणे चांगली निघाली. गोळ्या-व्यायामवाल्यांनाही थोडा फरक पडला होता, हेही त्यातच आहे.

आता स्क्रू की बिनस्क्रू. इथे दोन्ही सर्जन प्रामाणिक असू शकतात, कारण पुरावाच दुभंगलेला आहे. २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. स्वीडनचा म्हणाला, नस मोकळी करण्यावर मणका जोडण्याची भर घातल्याने दोन वर्षांनी काही जास्त फायदा नाही. अमेरिकेचा, अवघ्या ६६ पेशंटांचा, म्हणाला की जोडलेल्यांचं थोडं बरं आहे, आणि चार वर्षांत पुन्हा ऑपरेशनची वेळ जोडलेल्यांपैकी १४ टक्क्यांवर आली, न जोडलेल्यांपैकी ३४ टक्क्यांवर. मग २०२१ मध्ये नॉर्वेने २६७ पेशंटांचे निकाल दिले. किमान ३० टक्के सुधारणा नुसती नस मोकळी केलेल्या ७१ टक्क्यांत आणि जोडलेल्या ७३ टक्क्यांत, म्हणजे बरोबरीच. पुन्हा ऑपरेशन १२.५ विरुद्ध ९ टक्के.

हे आकडे वाचून गोंधळ होतो, पण थोडं आत शिरलं की उलगडतं. अमेरिकेच्या अभ्यासात मागची कमान पूर्ण काढली होती, नॉर्वेत मधली हाडं आणि बंध जपून, बाजूने शिरून जागा केली होती. कमान आणि सांधे जास्त खाल्ले की आधीच सैल मणका आणखी सैल होतो. म्हणजे स्क्रू न टाकणारा सर्जन किती हाड काढतो, यावर बरंच अवलंबून आहे.

माझी पद्धत अशी. उभ्याच्या एक्स-रेत मणका हलत नाही, गादी बसून उंची कमी झालीय, त्रास मुख्यतः पायांचा, तर मी फक्त नस मोकळी करतो. साठी-सत्तरीतल्या बाईला लहान ऑपरेशन, कमी रक्तस्राव, लवकर घर. मणका डुगडुगतोय, गादीची उंची अजून टिकून आहे, किंवा बाजूची खिडकी इतकी बंद आहे की ती उघडायला सांधाच काढावा लागेल, तर जोडतो. चिरलेल्या बांगडीच्या प्रकारात बहुतेक वेळा जोडावंच लागतं. तुमच्या आईच्या बाबतीत यातलं काय आहे, ते त्या तीन एक्स-रेशिवाय मी सांगू शकत नाही, आणि त्या दोन सर्जनपैकी ज्याने ते न बघता सांगितलं असेल, त्याला ते दाखवून पुन्हा विचारा.

जोडायचं म्हणजे काय, ते सांगतो. पेशंटला पालथं झोपवतो, पोट मोकळं लोंबेल असं, नाहीतर पोट दाबलं जाऊन आत रक्त जास्त येतं. वरच्या आणि खालच्या मणक्यात मागून दोन-दोन, असे चार टायटॅनियमचे स्क्रू बसतात, साधारण करंगळीच्या अर्ध्या जाडीचे, चार-साडेचार सेंटिमीटर लांब. ते दोन सळ्यांनी जोडायचे. झिजलेली गादी साफ करून त्या जागी पिंजरा, म्हणजे केज, आणि त्यात व आजूबाजूला पेशंटच्याच काढलेल्या कमानीच्या हाडाचा चुरा. लोकांना वाटतं स्क्रूने मणका जोडला. स्क्रू फक्त धरून ठेवतात. जोडतं ते हाड, आणि त्याला सहा महिने ते वर्ष लागतं. हाड जुळलंच नाही तर एक दिवस स्क्रू सैल होतो किंवा मोडतो. दोन्ही ऑपरेशनांत मला बघायचा असतो तो एकच क्षण. जाड झालेला पिवळा पडदा उचलून काढला की खाली नसांचं आवरण दिसतं, आधी चपटं, निपचित. दाब गेला की ते हळूहळू फुगतं आणि ठोक्याबरोबर वरखाली व्हायला लागतं. तिथे माझं मुख्य काम झालेलं असतं.

मणका जागेवर बसवता येतो का? पालथं झोपवल्यावर आणि केज घातल्यावर ग्रेड वनचा मणका बराचसा आपोआप मागे येतो. आला तर छान, नाही आला तर त्यामागे मी लागत नाही. अर्ध्याहून जास्त सरकलेल्या मणक्याला ओढून पूर्ण मागे आणताना पाचवी नस ताणली जाऊन पाऊल लुळं पडू शकतं, म्हणून तिथे तर अर्ध्यावर थांबणंच शहाणपणाचं.

एक माझीच चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका चाळिशीच्या बागायतदाराला मी स्क्रू टाकले. पाय ठीक होते, तक्रार फक्त कमरेची, आणि एक्स-रेत मणका सरकलेला. ऑपरेशन देखणं झालं, वर्षाने हाड पक्कं जुळलं, मी फोटो कॉन्फरन्समध्ये दाखवला. त्याची कंबर मात्र तशीच दुखत होती. तो दर तीन महिन्यांनी यायचा आणि एक्स-रे बघून मी म्हणायचो, सगळं उत्तम आहे. एकदा तो म्हणाला, ‘डॉक्टर, फोटो बरा झाला, मी नाही झालो.’ त्यानंतर नुसत्या कंबरदुखीसाठी हात उचलायला मी फार वेळ लावतो. पायाच्या दुखण्याला गुण येण्याची खात्री मी बऱ्यापैकी देतो, कमरेच्या दुखण्याची नाही. तुमच्या आईला कंबरही दुखत असेल तर ती पूर्ण जाईल असं धरून चालू नका.

धोके लपवत नाही. नसांच्या आवरणाला छेद जाणं शंभरात पाच-दहांना होतं, बहुतेक वेळा तिथेच शिवतो, एक-दोन दिवस जास्त झोपून राहावं लागतं. जंतुसंसर्ग शंभरात एक ते चार, स्क्रूवाल्यांत थोडा जास्त. नसेला कायमची इजा त्याहून विरळ. जोडलेल्या मणक्याच्या वरचा मणका पुढच्या काही वर्षांत जास्त झिजू शकतो, कारण त्याच्यावर ताण वाढतो.

ऑपरेशनआधी तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. साखर आटोक्यात आणा. जोडायचं ठरलं तर हाडांची घनता तपासून घ्या, पोकळ हाडात स्क्रू म्हणजे भुसभुशीत भिंतीत खिळा. आणि मिश्री. हो, मिश्री. आमच्याकडे बायका सिगारेट ओढत नाहीत म्हणून डॉक्टर विचारत नाहीत, आणि मिश्री हे व्यसन आहे असं त्यांना वाटतच नाही म्हणून त्या सांगत नाहीत. त्यातलंही निकोटीनच, ते हाड जुळू देत नाही. मी ‘तंबाखू खाता का’ असं विचारायचं सोडलंय, ‘दात कशाने घासता’ असं विचारतो. ऑपरेशनच्या महिनाभर आधी बंद आणि नंतर सहा महिने तरी बंद.

नंतरचं थोडक्यात: दुसऱ्या दिवशी उभं करून चालवतात, टाके दोन आठवड्यांनी. नुसती नस मोकळी केली असेल तर महिन्या-दीड महिन्यात घरकाम. जोडलं असेल तर तीन महिने वाकून कळशी-बादली उचलणं बंद, मांडी घालून बसणं आमच्यातले काही दीड महिन्याने चालू देतात, मी तीन महिने थांबवतो. चालायला मात्र पहिल्या दिवसापासून मोकळीक. पावलाची बधिरता सगळ्यात शेवटी जाते, कधी थोडी राहते.

आता लग्न. तुम्ही लिहिलंय त्यावरून घाई करण्यासारखं काही दिसत नाही, तेव्हा लग्न आधी होऊ द्या. हॉलवर पाठ टेकायची खुर्ची ठरवून ठेवा, वरातीत चालवू नका. पण मधल्या काळात लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, बसायच्या जागेभोवती, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर वाटलं, किंवा पाऊल उचलताना घसटायला लागलं, तर लग्नाच्या आदल्या रात्रीही थांबायचं नाही, त्याच दिवशी ज्या हॉस्पिटलात मणक्याचा सर्जन आणि एमआरआय दोन्ही आहेत तिथे जायचं. तोवर ते तीन एक्स-रे काढून ठेवा, आणि आजपासून आई पहिल्यांदा कुठे टेकते ते कॅलेंडरवर लिहीत जा.